शंभर पावले माझ्याबरोबर मोजणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

तुम्हाला तो दिवस कदाचित आठवतही नसेल. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायाम शिकण्यासाठी तुमच्याकडे येणाऱ्या अनेकांपैकी मी एक होतो. परंतु गेल्या चार महिन्यांत सकाळी ते पावले मोजणारे चपटे यंत्र, म्हणजे पेडोमीटर, खिशात ठेवताना तुमची आठवण झाली नाही, असा एकही दिवस गेलेला नाही, आणि हे तुम्हाला लिहून कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमच्याकडे येण्यापूर्वी ज्यांच्या देखरेखीखाली मी होतो, त्यांनी मला कमरपट्ट्याला अडकवायचे एक जुन्या धर्तीचे यंत्र दिले होते आणि रोज दहा हजार पावले चालायला सांगितले होते. मी घाम गाळून, काठी टेकत चालत असे आणि संध्याकाळी यंत्रावर जेमतेम हजार-बाराशेचा आकडा दिसत असे. तो आकडा पाहून मला सांगण्यात आले की मी चालतच नाही, चालल्याचे नुसते सांगतो. आयुष्यभर कुणाशी खोटे बोललो नाही, त्या माणसाला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या पावलांबद्दल खोटे ठरवले गेले. ती बोच अजूनही गेलेली नाही. घरातलीही माणसे हळूहळू यंत्रावरच विश्वास ठेवू लागली होती, याचे दुःख तर त्याहून मोठे होते.

तुम्ही माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. त्यानंतर तुम्ही मला काहीही समजावत बसला नाहीत. जुने यंत्र माझ्या कमरेला तसेच राहू दिलेत, तुमच्याजवळचे चपटे पेडोमीटर माझ्या पुढच्या खिशात ठेवलेत आणि म्हणालात, "काका, चला, आपण दोघे मिळून मोजू." मग त्या लांबलचक मार्गिकेत माझ्या संथ गतीने, एकदाही पुढे न जाता, तुम्ही माझ्या शेजारून चालत राहिलात आणि एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजत राहिलात. साठाच्या पुढे मला दम लागला तेव्हा तुम्ही थांबलात, आकडा मनात धरून ठेवलात आणि मी पाऊल उचलल्यावर पुन्हा तेथूनच मोजू लागलात. शंभर पूर्ण झाल्यावर कमरेच्या यंत्रावर एक्केचाळीस होते आणि खिशातल्या यंत्रावर सत्त्याण्णव. तुम्ही दोन्ही आकडे मला दाखवलेत आणि इतकेच म्हणालात, "तुम्ही चालत होतात, काका." हे वाक्य ऐकण्यासाठी मी किती दिवस आसुसलो होतो, ते माझे मलाच त्या क्षणी कळले.

जुन्या यंत्रात स्प्रिंगवर तोललेली एक दांडी असते आणि कमरेला पुरेसा हादरा बसला तरच ती हलते, त्यामुळे हळू चालणाऱ्याची किंवा पाय ओढत चालणाऱ्याची पावले तिच्या लेखी घडलेलीच नसतात, हे मला तुमच्याकडून कळले. नव्या यंत्रातील संवेदक तिन्ही दिशांची हालचाल टिपतो, म्हणून ते खिशात आडवे राहिले तरी चालते. मात्र अगदी रेंगाळत चालल्यास तेही चुकते, हेही तुम्ही लपवले नाहीत. सुरुवातीच्या काही पावलांना त्याचा आकडा हलत नाही हे पाहून मी घाबरलो होतो. खरोखर चालणे सुरू झाले आहे याची खात्री पटेपर्यंत ते थांबते आणि मग ती पावले एकदम जमा करते, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा जिवात जीव आला.

दहा हजारांचे ओझेही तुम्हीच उतरवलेत. 1965 मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पेडोमीटरच्या नावातच दहा हजार पावले होती आणि तेथून तो आकडा जगभर रुजला. उलट 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वयस्कर स्त्रियांवरील एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी आढळला आणि 7,500 च्या आसपास तो फायदा स्थिरावला, असे तुम्ही सांगितलेत. पहिला आठवडा काहीही न वाढवता नुसते पाहायचे, असे तुमचे सांगणे होते. त्या आठवड्याची माझी सरासरी 2,150 होती आणि गेल्या आठवड्याची 4,600 आहे. यंत्र सात दिवसांची नोंद ठेवते, म्हणून दर रविवारी मी ती वहीत उतरवून घेतो.

ज्ञान पुष्कळांजवळ असते, परंतु समोरचा माणूस खरे बोलत असावा असे आधी गृहीत धरून मग तपासायला निघण्याचा सज्जनपणा मला फार थोड्यांत आढळला. तुम्ही मला त्या दिवशी माझा शब्द परत दिलात, आणि त्याबद्दल मी तुमचा आजन्म ऋणी आहे.

परवा यंत्राची बटणासारखी बॅटरी बदलली. ते नीट मोजते आहे की नाही हे पाहण्यासाठी मी शंभर पावले मोठ्याने मोजत चाललो. या वेळी साठावर थांबावे लागले नाही.

आपला कृतज्ञ,
तुमचा एक रुग्ण