कथा पाठवण्याआधी, सही करण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी अंकांसाठी कथा मागवणारी निवेदनं येऊ लागली आहेत. मी वर्षानुवर्षं दिवाळी अंकांची आणि कथासंग्रहांची प्रुफं तपासत आले आहे. नवे लेखक कुठे अडखळतात ते रोज दिसतं, म्हणून हे पत्र.

कथा पाठवण्यापूर्वी मोठ्याने वाचा. कोल्हापूरच्या भाजीवालीच्या तोंडी 'तुझ्या वागण्यामागील कारण मला उमगत नाही' असं वाक्य मी तपासलं आहे. ती बाई 'असं का करालाईस रं?' एवढंच विचारेल. पहिला परिच्छेद हाताने झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहा; पुष्कळदा कथा तिथेच सुरू झालेली असते. आधीचा पाऊस आणि पहाट लेखकाचा हात बसावा म्हणून आलेली असते. पात्रांची नावं-नाती कागदावर टिपून ठेवा, नाहीतर थोरली नणंद चार पानांत धाकटी होते. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका.

सर्वांत जास्त तळमळ वाटते ती कराराची. एका तरुण शिक्षिकेने पहिल्या कथासंग्रहाचा करार मला दाखवला. एकच पान. छपाईचा खर्च तिचा, रॉयल्टीचा उल्लेख नाही, आणि 'अनुवाद, ध्वनिपुस्तक, चित्रपटासह सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे'. ती सही करायला निघाली होती, कारण पुस्तक निघतंय याचाच आनंद मोठा. हा अन्याय आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहिणारा तिचा पहिला मालक; त्यासाठी नोंदणीही लागत नाही. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षंच धरतो. 'कायमस्वरूपी' हा शब्द घातला की नेमकं हेच संरक्षण जातं. म्हणून तो खोडायला सांगा. फक्त मराठी छापील आवृत्तीचे हक्क द्या. मुदत, प्रतींची संख्या, रॉयल्टी आणि दरवर्षीचा हिशेब लिहून घ्या. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका, तो क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो.

महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ यांसारख्या संस्थांनी साध्या मराठीतला नमुना करार शाखाशाखांतून नवलेखकांच्या हाती द्यावा, अशी कळकळीची विनंती.

आपली,
एक मुद्रितशोधक, पुणे