छपरावरचं पाणी कुठे जातं, ते आधी सांगा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

कालच्या अंकातला आपल्या विमानतळाच्या ‘हरित’ भविष्यावरचा लेख दोनदा वाचला. चार कॉलम मजकूर, वर सौर पॅनेलचा रंगीत फोटो. ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द पेन्सिलीनं खुणा करत मोजला, 9 वेळा आला आहे. पाण्याचा आकडा मात्र एकही नाही. ‘जलसंवर्धनाची तरतूद असेल’ एवढ्यावर भागवलं आहे. ग्वाल्हेरात बसून पुढच्या 25 वर्षांच्या नियोजनावर लिहायचं आणि पाणी एका ओळीत उरकायचं, याचा मला मनापासून राग आला. आमच्या घरी आज नळाचा दिवस नव्हता. हे पत्र लिहितानाही बायको स्वयंपाकघरातून विचारते आहे, की कालच्या बादलीतलं पाणी झाडांना घालू की उद्यासाठी ठेवू.

मी पाणीपुरवठ्याच्या कामात उपयंत्री, म्हणजे सब-इंजिनिअर, म्हणून 31 वर्षं काढली. त्यामुळे ‘तरतूद असेल’ या शब्दांची मला धास्तीच वाटते. का वाटते, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी जुलैत पेन्शनच्या कामासाठी एका सरकारी इमारतीत गेलो होतो. इमारत नवीन होती. कुठली ते लिहीत नाही, तिथल्या साध्या कर्मचाऱ्यांचा काही दोष नाही. काम होईपर्यंत पाऊस कोसळायला लागला, म्हणून पोर्चमध्ये थांबलो. समोरच्या भिंतीवर गच्चीवरून आलेला सहा इंची पाइप होता, निळा रंगवलेला, आणि शेजारी वर्षाजल संचयनाची पाटी. बरं वाटलं. मग पाइपाच्या खालच्या टोकाकडे लक्ष गेलं. पाइप जमिनीच्या वर वीतभर येऊन संपला होता. पाणी धो धो फरशीवर पडत होतं, गेटखालून रस्त्यावर आणि तिथून नाल्यात चाललं होतं. एक शिपाई खराट्यानं ते बाहेर लोटत होता, पोर्चमध्ये येऊ नये म्हणून. पाइपापासून दोन हातांवर चेंबरचं झाकण होतं. छत्रीच्या टोकानं ते उचकटून पाहिलं. आत विटांचे तुकडे, सिमेंटची फाटकी गोणी आणि खाली ठोकून बसवलेली माती. बोअर नाही, गाळणीचे थर नाहीत, पाइपाशी जोडच नाही. शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, “साहेब, हे असंच आहे, मी आलो तेव्हापासून.”

पुढच्या मे महिन्यात परत गेलो, तेव्हा त्याच गेटातून पाण्याचा टँकर आत शिरत होता. मी लेखी तक्रार दिली, पोच घेतली. उत्तर आजतागायत नाही. त्या इमारतीच्या कागदावर मात्र वर्षाजल संचयन पूर्ण झालेलं असणार, कारण त्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल निघत नाही.

आता विमानतळाकडे येतो. महाराजपुऱ्याचं नवं टर्मिनल 16 महिन्यांत उभं राहिलं आणि 10 मार्च 2024 रोजी त्याचं उद्घाटन झालं. इतक्या कमी वेळात एवढं काम झालं, याचा ग्वाल्हेरकर म्हणून मला अभिमान आहे. दुहेरी थराचं छप्पर, ऊन कमी आत घेणाऱ्या काचा, एलईडी दिवे, सांडपाणी शुद्ध करून बागेला, या सगळ्या गोष्टी तेव्हा सरकारनं सांगितल्या होत्या आणि त्या चांगल्याच आहेत. पण इमारत बांधताना जे होतं ते वेगळं, आणि 25 वर्षं ती चालवताना जे करावं लागतं ते वेगळं. आराखडा करायचा तो या दुसऱ्या भागाचा. त्याची सुरुवात पाण्यापासून व्हायला हवी.

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्याकडचा वर्षाचा पाऊस हात राखून 700 मिलिमीटर धरा. 10 हजार चौरस मीटर छपरावर 70 लाख लिटर पडतं. उडून, सांडून पाचवा हिस्सा गेला तरी 56 लाख लिटर हाती राहतं, म्हणजे 5 हजार लिटरचे 1,120 टँकर. पण हे पाणी वर्षभर थोडं थोडं येत नाही. तासाला 40 मिलिमीटरची सर आली तर त्याच छपरावरून तासाभरात 4 लाख लिटर खाली येतं. एखादा शोषखड्डा खणून आणि पाटी लावून ते मुरत नाही. आधी मोठी टाकी हवी, गाळ बसायला चेंबर हवा, आणि त्या जागी जमीन किती पाणी पिते याची चाचणी खड्डा खणण्याआधी व्हायला हवी.

विमानतळावर आणखी एक अडचण असते, ती तुमच्या लेखात कुठेच नाही. उघडा तलाव करून चालत नाही. पाणी दिसलं की बगळे, बदकं, टिटव्या येतात, आणि धावपट्टीजवळ पक्षी म्हणजे विमानाला धोका. म्हणून पाणी झाकलेल्या टाकीत किंवा जमिनीखाली न्यायचं. तेही फक्त छपरावरचं. विमानं उभी राहतात त्या फरशीवरच्या पाण्यात तेल आणि इंधन असतं, ते आधी वेगळं काढायचं. तसंच सोडलं तर आसपासच्या गावांची बोरिंगं नासतील. बरं, धावपट्टी हवाई दलाची आणि टर्मिनल नागरी. त्यामुळे पाण्याचा उतार कुठून कुठे जातो, हे दोघांनी एका नकाशावर बसून ठरवलं नाही तर पाणी कुंपणाशी अडेल आणि दोन्हीकडची कागदपत्रं बरोबर असतील.

सौर ऊर्जेला माझा विरोध नाही. कोचीचा विमानतळ 2015 पासून पूर्ण सौर विजेवर चालतो, मग आपण मागे का राहायचं? पण कोचीत पाऊस भरपूर, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत आंधी येते. पॅनेलवर धुळीचा थर बसतो, तो धुवायला पाणी लागतं. ते कुठलं, एवढं एक वाक्य तुमच्या वार्ताहरानं विचारायला हवं होतं.

उष्णतेचंही तसंच. तापलेली हवा पातळ होते, विमानाला उचल कमी मिळते आणि जास्त धावावं लागतं. धावपट्टीची लांबी ठरवताना त्या उंचीसाठी ठरलेल्या प्रमाण तापमानाच्या वरच्या प्रत्येक अंशाला सुमारे 1 टक्का वाढ धरतात. ज्या गावात मे महिन्यात पारा 46 वर जातो, तिथे फरशीभोवतीची जमीन सिमेंटनं झाकून आणखी तापवायची की गवताखाली गार ठेवायची, हा प्रश्न शोभेचा नाही.

हे सगळं शिकायला फार लांब जायला नको. मान वर करून किल्ल्याकडे बघा. वर नदी नाही, झरा नाही. सूरजकुंड, जौहर कुंड, राणी ताल, एक खंबा ताल, गंगोला ताल, सगळे पावसाच्या पाण्याच्या भरवशावर. त्यावर फौजा राहिल्या. लहानपणी वडील आम्हाला तिथे नेत आणि पाणी कुठून उतरतं, ते बोटानं दाखवत. तिघरा धरणही आठवा. 1916 मध्ये पुरं झालं आणि 1917 च्या ऑगस्टमध्ये फुटलं, पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरलं म्हणून. वरचं बांधकाम सगळ्यांना दिसत होतं, खालचं कुणाला दिसलं नाही. आज आख्खं शहर पुन्हा उभारलेल्या त्याच तिघऱ्यावर जगतं, उन्हाळ्यात ककैटो आणि पेहसारी धरणांचं पाणी तिथे आणावं लागतं, आणि चंबळ नदीच्या पाण्याकडे डोळे लावून बसावं लागतं. अशा शहरात नवी मोठी इमारत उभी करणाऱ्या प्रत्येकानं, मग तो विमानतळ असो की मॉल, आपण तिघऱ्यातून किती घेतो, जमिनीतून किती उपसतो आणि जमिनीला किती परत देतो, हे तीन आकडे दर महिन्याला दारावर लावले पाहिजेत. विमानतळानं सुरुवात केली तर बाकीच्यांना सबब राहणार नाही.

जाता जाता एक तक्रार आपल्याबद्दलही. गेल्या वर्षी स्वर्णरेखा नदीबद्दल मी पाठवलेलं पत्र तुम्ही छापलंत, त्याबद्दल आभारी आहे. पण त्यातले सगळे आकडे गाळलेत आणि ‘नदी वाचवा’ एवढंच ठेवलंत. ते आकडे मी दोन रविवार नाल्याकाठी उभं राहून, बादली आणि घड्याळ घेऊन काढले होते. भावना छापल्यात आणि मोजमाप टाकून दिलंत, याचं मला फार वाईट वाटलं. या पत्रातले आकडे कृपा करून ठेवा. चुकले असतील तर कुणीतरी चूक दाखवेल, मी मान्य करीन.

आणि एक विनंती. या पावसाळ्यात पहिली जोराची सर आली की वार्ताहराला परवानगी काढून टर्मिनलवर पाठवा. आत काचा आणि रोषणाई बघायला नको. बाहेरून छपराचा एकेक पाइप वरून खालपर्यंत बघायचा आणि त्याचं खालचं टोक कुठे जातं त्याचा फोटो काढायचा. पाइप टाकीत जात असेल तर तोच फोटो पहिल्या पानावर छापा, मला आनंदच होईल. त्याच दिवशी त्यानं दुसऱ्या त्या इमारतीतही जावं, पत्ता मी देईन. तक्रारीची पोच माझ्याकडे जपून ठेवलेली आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त उपयंत्री
दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर