‘इन्सुलिनपासून सुटका’ देणाऱ्या जाहिराती छापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

14 नोव्हेंबरला आपल्याकडे बालदिन असतो. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या फ्रेडरिक बँटिंग यांची जयंतीही त्याच दिवशी येते, म्हणून जगभर तो मधुमेह दिन म्हणून पाळतात. त्या निमित्ताने वृत्तपत्रांत येणारे लेख बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांसाठी असतात. रोज चाला, वजन उतरवा, गोड टाळा. ज्या मुलांना सातव्या-आठव्या वर्षीच टाइप 1, म्हणजे इन्सुलिन टोचल्याशिवाय न भागणारा मधुमेह होतो, त्यांच्याविषयी दोन ओळीही सापडत नाहीत. त्यांच्या आईवडिलांसाठी मात्र पुरवणीच्या कोपऱ्यात चौकट असते: ‘इन्सुलिनपासून कायमची सुटका, लहान मुलांनाही गुणकारी’. खाली मोबाइल नंबर. हे पत्र त्या चौकटीबद्दल आहे.

मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. इन्सुलिन लागणारी मुले गावात थोडी, त्यामुळे त्यांची घरे तोंडपाठ असतात. मुलाचे इन्सुलिन न्यायला कोणी येईनासे झाले की डॉक्टरांच्या आधी ते दुकानात कळते. अशाच एका मुलीचे वडील मध्यंतरी आले आणि म्हणाले, ‘‘ताई, या खेपेला एकच बाटली द्या. पोरीला पुडी चालू केलीय, अठरा युनिटवरनं सहावर आली. पुढच्या महिन्यात सुई बंदच करायची म्हणालेत.’’ खिशातून त्यांनी ती पुडी काढून दाखवली. पिन मारलेली साधी प्लास्टिकची पिशवी, आत तपकिरी भुकटी, वर बॉलपेनने लिहिलेले ‘स. सं. 1 चमचा’. औषधाचे नाव नाही, परवाना क्रमांक नाही, तारीख नाही. चेहऱ्यावर मात्र इतका आनंद होता की काय बोलावे ते मला सुचेना.

डोस खरोखरच कमी झाला होता. तो का झाला, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. टाइप 1 मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. बाहेरून इन्सुलिन सुरू झाले की उरल्यासुरल्या पेशींना विसावा मिळतो, त्या काही काळ पुन्हा थोडे काम करू लागतात आणि डोस झपाट्याने उतरतो. डॉक्टर याला हनिमून काळ म्हणतात. तो काही आठवडे टिकतो, काहींच्या बाबतीत वर्षभरही चालतो आणि मग संपतोच. नेमक्या याच काळात घरी मावशी, आत्या, शेजारी कोणी ना कोणी एखादे औषध सुचवतात. औषध सुरू होते, डोस उतरतो आणि श्रेय पुडीला जाते. पुडी विकणाऱ्याला हा काळ नीट माहीत असतो. त्याचा सगळा धंदा त्याच्यावर चालतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी मी काउंटरवरूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. ते दोन बाटल्या घेऊन गेले आणि मुलगी आज शाळेत जाते. दुसऱ्या एका घरात हे वेळेवर सांगायला कोणी भेटले नाही. तिथे मुलाचे इन्सुलिन पूर्ण थांबवले होते. उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली तेव्हा पित्त झाले म्हणून घरचे उपाय केले. श्वास जोरजोरात चालू लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला, मग धावपळ करून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. अतिदक्षता विभागातून तो परत आला, पण परत न आलेली मुलेही असतात.

म्हणून आईवडिलांना मूर्ख ठरवायला मी तयार नाही. सात वर्षांच्या पोराला रोज चार वेळा टोचायचे, तेही जन्मभर, हे ऐकून आल्यावर कोणती आई दुसरा रस्ता शोधणार नाही? मुलगी असेल तर पहिल्या दिवसापासून घरात एकच विषय असतो, पुढे लग्नाचे काय. सुई चालू आहे हे भावकीला कळू नये म्हणून इन्सुलिन दुसऱ्या गावच्या दुकानातून नेणारी माणसे मी पाहिली आहेत. खर्चही बारमाही असतो. नुसत्या इन्सुलिनवर भागत नाही, साखर तपासायच्या पट्ट्या त्याहून जड जातात. त्यात चुलत्याची साखर जांभळाच्या बियांच्या पुडीने उतरलेली असते. चुलत्याला टाइप 2 असतो, त्याचे स्वादुपिंड अजून इन्सुलिन बनवत असते, त्यामुळे कारले, मेथी, जांभूळ यांनी त्याला थोडाफार फरक पडूही शकतो. मुलाच्या शरीरात हनिमून काळ सरला की इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. हा फरक जाहिरातीत कधीच लिहिलेला नसतो.

इन्सुलिन येण्याआधी अशी मुले वर्षा-दोन वर्षांत जात. तेव्हाही काढे होते, पथ्ये होती, उपास तर इतके करवत की मुलांची हाडे दिसत. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले. पहिले इंजेक्शन नीट लागू पडले नाही. औषध अधिक शुद्ध करून काही दिवसांनी पुन्हा दिले आणि मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. आज आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालील टाइप 1 रुग्ण सर्वांत जास्त भारतात आहेत, सुमारे 2 लाख 29 हजार. एवढ्या घरांना ती चौकट हाक मारते आहे.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. माझ्या दुकानात आयुर्वेदिक औषधांचे स्वतंत्र कपाट आहे. आमच्या गावातले वैद्य तर अशा मुलांच्या पालकांना सर्वांत आधी बजावतात की इन्सुलिन सोडायचे नाही. राग आहे तो निनावी पुड्यांवर. अशा भुकट्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी ॲलोपॅथीची गोळी कुटून घातल्याचे निरनिराळ्या देशांत उघडकीला आले आहे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली तर साखर एकदम खाली येऊन मूल बेशुद्ध पडू शकते. इंटरनेटवरून मागवलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2008 मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिशाने वाढत्या मेंदूची किती हानी होते, हे वेगळे सांगायला नको. बंद डब्यातल्या पूरक आहाराचेही तसेच. त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे, पण दुकानात येणारा डब्याच्या पुढच्या बाजूचे वाचतो. जास्त मात्रेतल्या क जीवनसत्त्वाने अंगावर लावायच्या, साखर मोजणाऱ्या काही सेन्सरवर साखर आहे त्याहून जास्त दिसते आणि त्या आकड्यावर विसंबून आई इन्सुलिन वाढवते, हे तरी किती जणांना ठाऊक आहे?

डॉक्टरांना एक विनंती. मूल पहिल्यांदा दवाखान्यातून घरी सोडतानाच पालकांना सांगा की थोड्या दिवसांनी डोस उतरेल, तेव्हा कोणी काहीही सांगितले तरी इन्सुलिन थांबवू नका. आणि दर भेटीत ‘आणखी काय देता?’ हे न रागावता विचारा, केसपेपरवर लिहा. एकदा ओरडा खाल्लेली आई पुन्हा खरे सांगत नाही. मग ती मला सांगते, कारण मी ओरडत नाही. पण मुलाचा डोस ठरवणे माझे काम नव्हे.

आता आपल्याला विनंती. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 चा आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्या यादीत मधुमेह नावानिशी आहे. ही मनाई जाहिरात देणाऱ्यापुरती नाही, तिच्या प्रसिद्धीत भाग घेणाऱ्यालाही ती लागू होते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्हीही. गावाकडे छापलेल्या शब्दाला अजून वजन आहे. ‘पेपरात आलंय’ म्हटले की पुढची चौकशी कोणी करत नाही. आपल्या जाहिरात विभागाने अशा चौकटी आजपासून नाकाराव्यात. आणि त्याच जागी महिन्यातून एकदा तरी एवढे छापावे: मुलाला सारखी तहान लागते, लघवीला वरचेवर जावे लागते, अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले, वजन उतरते आहे, तर त्याच दिवशी साखर तपासा. इन्सुलिन चालू असलेल्या मुलाला उलट्या होत असतील, तो जेवत नसेल, तरी इन्सुलिन बंद न करता लगेच डॉक्टरांना गाठा.

आपली,
एक औषधविक्रेती, जि. सातारा
(गिऱ्हाइकांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)