झाकणाचा व्हिडिओ

संपादक महोदय,

घरातल्या प्राण्यांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकणारे लोक रिकामटेकडे असतात, असे एका वाचकाने याच सदरात लिहिले होते. मी त्यांतलीच एक. सहा वर्षांत एकाच माशाचे २१४ व्हिडिओ टाकले. मासा गेल्या महिन्यात गेला. आता झोप आली नाही की तेच लावून बसते.

मासा खरे तर मुलाचा. तो नोकरीसाठी परगावी गेला आणि काचेची टाकी माझ्या गळ्यात पडली. आत सेनेगल बिचिर. फूटभर लांब, राखाडी, अंगाने सापासारखा, पाठीवर करवतीच्या दात्यांसारखे सुटे सुटे पर. हौशी लोक याला डायनासोर ईल म्हणतात. तो ईलही नाही आणि डायनासोरही नाही, पण चेहरा मात्र लाखो वर्षांचा कंटाळा आल्यासारखा! आम्ही त्याला नाना म्हणायचो. दिवसभर दगडाआड पडून राहायचा आणि दिवे मालवले की फिरायला निघायचा. नजर अधू. गांडुळाचा तुकडा अगदी नाकासमोर पडलेला असला तरी वास घेत दोनदा त्याच्यावरून पुढे जायचा. असे व्हिडिओच माझ्याकडे चाळीसेक असतील.

या माशाला कल्ले असतात, शिवाय फुप्फुसेही. मधूनच सरळ वर यायचा, ‘टप्’ असा आवाज करून हवा घ्यायचा आणि पुन्हा तळाशी. म्हणून टाकी काठोकाठ भरायची नाही, पाणी आणि झाकण यांच्यामध्ये हवेला जागा ठेवायची. आणि झाकण घट्ट हवे, कारण बोटभर फट मिळाली तरी हा बाहेर पडतो. व्हिडिओंत मागून आमच्या ह्यांचा आवाज सारखा ऐकू येतो, ‘अगं, झाकण लावलंस का?’ तेव्हा मी तो आवाज बंद करून व्हिडिओ टाकायची. आता मूळ व्हिडिओ लावते, आवाजासकट.

सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ चौदा सेकंदांचा आहे. नाना फरशीवर पुढचे दोन पर कोपरांसारखे टेकत चालला आहे, पाठीला धूळ आणि केस चिकटलेले. लोकांनी ‘किती गोड’, ‘कुठे मिळेल’ असे लिहिले. मुलाने तर अभिमानाने सांगितले, की कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच मासे आठ महिने जमिनीवर वाढवले होते आणि ते इतर बिचिरांपेक्षा सफाईने चालू लागले. २०१४ साली ‘नेचर’मध्ये ते छापून आले. पण त्या माशांच्या अंगावर सतत पाण्याचा फवारा असे. आमचा नाना फिल्टरच्या नळीसाठी झाकणाला ठेवलेल्या खाचेतून पडला होता, आणि कातडी कोरडी पडली की हा मासा मरतो. हे मी व्हिडिओखाली लिहिले नाही. त्याला उचलण्याआधी मी फोन शोधायला गेले होते, हेही लिहिले नाही.

तो त्या दिवशी वाचला. पुढे चार वर्षे जगला, म्हातारा होऊन गेला. पण ‘कुठे मिळेल’ विचारणाऱ्यांपैकी दोघांनी खरोखरच बिचिर आणला. त्यातल्या एका मुलाने महिनाभराने कळवले, की सकाळी मासा कपाटाखाली वाळलेला सापडला. त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही, म्हणून दिलेच नाही.

त्या वाचकांचे म्हणणे मला पटत नाही. या व्हिडिओंमुळेच नानाचा तो ‘टप्’ मला अजून ऐकता येतो. पण चौदा सेकंदांत जे दाखवायचे राहिले, त्याचा दोष फोनचा नाही, माझा आहे. परवा रिकाम्या टाकीच्या झाकणाचा व्हिडिओ टाकला. खाच स्पंजने कशी बुजवायची, झाकणावर वजन कुठे ठेवायचे, पाणी किती बोटे खाली ठेवायचे, सगळे बोलून दाखवले. ह्यांचा आवाजही राहू दिला.

आतापर्यंत नऊ जणांनी पाहिला आहे. त्यांत दोनदा मीच.

आपली,
एक वाचक