चित्राखालचं पण वाचा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझी नात चौथीत आहे आणि मी स्वतः प्राथमिकला शिकवून रिटायर झालेली, त्यामुळे सुट्टीत तिचा अभ्यास माझ्याच गळ्यात. परवा गोव्यातल्या नद्या चालल्या होत्या. मी सहज विचारलं, अगो आपली वाळवंटी शेवटी कुठल्या नदीला जाऊन मिळते, तर बाईसाहेब धड्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या, दोन पानं झाली तरी उत्तर मिळेना. मिळणार कसं, ते तिच्या कोपराखाली नकाशात होतं. वाळवंटी काही लांबची नदी नाही हो, आमच्या साखळी गावातनंच वाहते, पावसाळ्यात पाणी चढलं की बाजारातल्या दुकानदारांची झोप उडते. मी म्हटलं नकाशात बघ, तर मला म्हणते, "आज्जी, नकाशा वाचायचा असतो? तो भरायचा असतो ना!"

मागीर पुस्तक हातात घेऊन नीट चाळलं तर 'माहीत आहे का' टाइपच्या चौकटींवर पेन्सिलीने काट. का, तर "ते परीक्षेला नाही". शाळेचं नाव लिहीत नाही कारण दोष एका शाळेचा नाही, मी स्वतः इतकी वर्षं हेच केलं. धडा मोठ्याने वाचा, कठीण शब्द फळ्यावर, खालचे प्रश्न सोडवा, झालं. उपशीर्षकं, ठळक अक्षरं, तक्ते, आलेख, नकाशा आणि त्याची सूची, चित्राखालची ओळ, हे सगळं आम्ही सजावट समजून सोडून दिलं.

इंग्रजीत ह्यांना टेक्स्ट फीचर्स म्हणतात आणि तिकडे लहान मुलांना हे मुद्दाम शिकवतात. तिकडे पण सगळं आलबेल होतं असं नाही, नेल ड्यूक म्हणून एक संशोधक बाई आहेत, त्यांनी अमेरिकेतल्या पहिलीच्या २० वर्गांत बघितलं तर माहितीपर मजकुरावर दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं जात होती, बाकी बहुतेक गोष्टीच. हा अभ्यास २००० साली छापून आला. आपल्याकडे कोणी घड्याळ लावून मोजायला बसलं तर काय निघेल देव जाणे. गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची असते हे मुलाला आपसूक कळतं, पण माहितीच्या पुस्तकात मधल्याच दारातून शिरता येतं, हवं तेवढं घेऊन बाहेर पडता येतं, हे कोणीतरी दाखवावं लागतं. केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत असं ठरलंय, चांगलंच आहे, पण नकाशा मिनिटाला किती वाचायचा?

मी घरी काय केलं ते सांगते. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात नेलं तिला, १८३२ पासूनचं ग्रंथालय आपलं, आणि मुलांना तिकडे नेतो किती जण! प्राण्यांचं एक पुस्तक दिलं आणि सांगितलं की पाच मिनिटं, परिच्छेदातलं एक अक्षर वाचायचं नाही, बाकी सगळं वाच आणि मला सांग पुस्तकात काय काय आहे. आधी हसली, मग इतकं बोलली की बाजूचे लोक बघायला लागले. नंतर घरी गव्याचं चित्र काढून खाली ओळ लिहिली, "हा गवा आहे". मी म्हटलं ते मला दिसतंय की, जे चित्रात दिसत नाही ते लिही. बराच वेळ पेन्सिल चावून लिहिलं, "गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी आहे, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो". मोजे चित्रात दिसतच होते, पण ती लिहीपर्यंत माझं लक्षच गेलं नव्हतं, म्हणजे ओळीने तिचं काम केलं म्हणायचं.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तर खरी मजा आली. गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगतो त्या माटोळीचं चित्र काढून बाण मारून नावं लिहायची असं ठरवलं. तोरिंग, चिबूड, आंबाडे, सुपारीचं शिपटं इथपर्यंत पटापट झालं, कवंडळापाशी गाडी अडली, मग आजोबांना विचारलं, शेजारी जाऊन आली आणि प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात 'कुणी आणलं' ते पण लिहिलं. माझ्या मते ह्याहून चांगली नामनिर्देशित आकृती कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. पुस्तकाच्या मागची शब्दसूची मात्र अजून जमत नाहीय, 'ज्ञ' कुठे शोधायचा ह्यावर आमचं रोज भांडण, आणि शाळेच्या बहुतेक पुस्तकांत मागे सूची नसतेच तर सराव कशावर करायचा.

शिक्षक म्हणतील पोर्शन आधीच पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवू. खरं आहे. आपल्याकडे खेड्यात एकशिक्षकी शाळा आहेत, एका खोलीत चार वर्ग बसतात. पण मला वाटतं तिकडेच ह्याची जास्त गरज आहे कारण बाई दुसरीला शिकवतात तेव्हा चौथीच्या मुलांना आपलं आपण पुस्तकातून शोधावं लागतं. नवीन पुस्तक नको, वेगळा तास नको, धडा वाचण्याआधी पाच मिनिटं पान नुसतं बघू द्या. कदंबा बसस्टँडवरचं टाइमटेबल, लाइटचं बिल, भिंतीवरचं कॅलेंडर हे पण चालतं. फक्त कृपा करून 'उपशीर्षक म्हणजे काय, व्याख्या लिहा, गुण २' असा प्रश्न कोणी काढू नका, नाहीतर मुलं ते पाठ करतील आणि नकाशा परत कोपराखाली.

तुम्हालाही एक विनंती, मुलांच्या पानावर महिन्यातून एकदा तरी गोव्यातल्या एखाद्या तालुक्याचा नकाशा सूचीसकट छापा, आणि फोटोखाली नुसतं 'क्षणचित्र' लिहू नका हो, कोण आहे, कुठे आहे ते लिहा. हे पत्र छापलंत तर वर हेडिंग काय देता ते बघायला नात टपून बसलीय. तिने तिचं एक सुचवलंय, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडलंय, बरं वाटलं तर तेच ठेवा.

एक निवृत्त शिक्षिका, साखळी