ऑइलची लेव्हल बरोबर म्हणजे प्रेशर बरोबर, हे कंपनीचं अधिकृत उत्तर आहे का ते लेखी कळवा

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : ऑइल-फिल्टर बदलल्यावर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागत असताना गाडी चालवायला सांगितल्याबद्दल

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलोय. बिल आणि मीटरचा व्हिडिओ सोबत जोडलाय. इंजिन तुम्ही बनवलंय, त्यात पंप कुठं, फिल्टर कुठं, हेडपर्यंत (इंजिनच्या वरच्या भागापर्यंत) ऑइल कुठून जातं हे मी तुम्हाला शिकवायचं कारण नाही, पण सोलापुरातल्या तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला ते कुणीतरी शिकवायला पाहिजे.

माझी मोटरसायकल फक्त ऑइल आणि फिल्टर बदलायला दिली होती. मी काचेपलीकडून बघत होतो. पोराने कव्हर काढलं, जुना कागदी फिल्टर बाहेर, नवा कोरडाच आत ढकलला, कव्हरची जुनीच ओ-रिंग (ऑइल गळू नये म्हणून असलेली रबरी रिंग) फडक्याने पुसून परत बसवली, ऑइल ओतलं, सेल मारला आणि लगेच ॲक्सिलरेटर पिळला. लाल दिवा लागलेलाच आणि हा रेस करतोय! मी आत पळत गेलो, बंद कर म्हणालो, तर सुपरवायझर म्हणतो, "मालक, टेन्शन घेऊ नका, रेस केलं की ऑइल लवकर चढतंय."

लवकर चढतंय हे खरं असलं तरी तोपर्यंत वर हेडमधला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कोरडा फिरतोय त्याचं काय? ऑइल काढलं, फिल्टर काढला की फिल्टरची जागा आणि वाटा रिकाम्या होतात, त्यात हवा भरते. पंपाला आधी ती जागा भरायला लागते, मग ऑइल पुढं सरकतं आणि हेडला सगळ्यात शेवटी पोचतं. तेवढा वेळ इंजिनवर जोर द्यायचा नसतो एवढंच तर आहे. अशोक चौकातले आमचे मिस्त्री नवा फिल्टर ऑइलने भिजवून बसवतात, किकच्या गाडीला इग्निशन बंद ठेवून आधी किका मारतात, आणि बटनस्टार्टला रेस न देता नुसतं आयडलवर सोडून दिव्याकडं बघत उभे राहतात. काही सेकंदात विझला तर ठीक, नाही विझला तर लगेच बंद करून हेडवरचा ऑइलचा बोल्ट थोडा सैल करून वर ऑइल येतंय का बघतात. त्यांच्याकडं कंपनीचं ट्रेनिंग नाही, एसी वेटिंग रूम नाही, पण ही अक्कल आहे.

बऱ्याच रेसनंतर दिवा विझला आणि गाडी माझ्या ताब्यात दिली. सात रस्त्याच्या सिग्नलला उभा राहिलो, इंजिन तापलेलं, आयडलवर, आणि दिवा परत लागला, वर हेडमधून टिकटिक सुरू. मी तिथंच बंद केली आणि मे महिन्याच्या सोलापुरी उन्हात ढकलत घरी आणली, कारण तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की दिवा लागला तर इंजिन ताबडतोब बंद करा.

आता तुमच्या हेल्पलाइनचं. ते बोलणं रेकॉर्ड होतं असं तुम्हीच सांगता, तर काढून ऐका. मी म्हणालो ऑइल प्रेशरचा दिवा लागतोय. मॅडम म्हणाल्या काचेतून लेव्हल बघा. म्हणालो बघितली, बरोबर आहे. "मग सर, प्रेशर पण बरोबर आहे." मी म्हणालो मॅडम, लेव्हल वेगळी, प्रेशर वेगळं, अंगात रक्त पुरेसं आहे म्हणून बीपी ठीक आहे असं डॉक्टर म्हणतो का? त्यांनी मला होल्डवर टाकलं, परत आल्या आणि म्हणाल्या, "सर, थोडं ऑइल अजून टाका." लेव्हल बरोबर आहे हे ऐकून अजून टाका! जास्त ऑइल झालं की आत घुसळून फेस होतो, पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि प्रेशर अजून पडतं. हे सांगितलं तर मला विचारतात, "सर, तुम्ही मेकॅनिक आहात का?" नाही म्हणालो. "मग सर प्लीज आमच्या टेक्निकल टीमवर विश्वास ठेवा, सेन्सरचा प्रॉब्लेम असेल, गाडी चालवत सेंटरला घेऊन या."

चालवत! दिवा लागलेली गाडी चालवत! सेन्सर खराब असेलही, पण ते प्रेशर गेज लावून ठरवायचं असतं, ग्राहकाचं इंजिन पणाला लावून नाही. मी मेकॅनिक नाही, मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करतो, पण तिथं मशीनवर लाल दिवा लागला तर आम्ही आधी मशीन थांबवतो. त्या फोननंतर मला मेसेज आला की तक्रारीचं समाधान झालंय आणि ती बंद केली. कुणाचं समाधान झालं?

माझा संशय त्या जुन्या ओ-रिंगवर आहे. ती दबलेली किंवा चिरलेली असली तर प्रेशरचं ऑइल आतल्या आत इंजिनच्या केसमध्ये परत गळतं, बाहेर एक थेंब दिसत नाही, लेव्हलही बरोबर दिसते, आणि ऑइल तापून पातळ झालं की आयडलवर प्रेशर पडतं. माझ्या गाडीत अगदी हेच होतंय. तो फिल्टर सरळ बसवलाय का उलटा, तेही बघा. शिवाय बिलावर नुसतं "इंजिन ऑइल" लिहिलंय. मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड १५डब्ल्यू-५०, जासो एमए२ असा दिलाय. ड्रममधून ओतलेलं कुठलं होतं? सोलापूरला उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, इथं पातळ ऑइल चालत नाही. आणि त्या ओ-रिंगचं परत सांगतो, नवी रिंग काही फार महाग नसते, पैसे मागितले असते तर दिले असते.

आमच्या घरात वडिलांपासून तुमचीच गाडी आहे. धाकट्या भावालाही तुमचीच घ्यायची ठरली होती, ते आता रद्द केलंय.

मला पाहिजे ते असं : गाडी चालवत नाही, टो करून न्या. फिल्टर कव्हर आणि हेड माझ्यासमोर उघडा, कॅमशाफ्ट आणि त्याने हलणारे रॉकर दाखवा, गेज लावून गरम इंजिनचं आयडलवरचं प्रेशर लिहून द्या. झीज झाली असेल तर पार्ट वॉरंटीत बदला, आणि सर्व्हिस रेकॉर्डवर कारण "सेंटरची चूक" असं लिहा, म्हणजे उद्या माझ्यावर ढकलणार नाही. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी पण लागत नाही, मी चौकशी केली आहे.

टो पाठवायच्या आधी फोन करा, हँडल लॉक आहे आणि किल्ली मी सेंटरच्या कुणाच्याही हातात देणार नाही.