शिल्पू, राजगड सोडू नकोस

प्रिय शिल्पू,

तुझा मेसेज वाचला, आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळीत उत्तर देण्यासारखा विषय नाही म्हणून हे लांबलचक लिहितेय. सूज उतरली, एक्सरे क्लिअर आला, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, हे वाचून खूप बरं वाटलं. पण शेवटी जे लिहिलंस ना, "आता ट्रेकिंग बंद, पंचेचाळिशी आली, घोटा सांभाळलेला बरा", ते मला अजिबात पटलेलं नाही. मैत्रीण म्हणून नाही आणि फिजिओ म्हणून तर मुळीच नाही. तो घोटा घरी बसवून ठेवलास तर पुढच्या वेळी जिन्यात मुरगळेल, एवढाच फरक पडेल.

राजगडावरून गुंजवण्याकडे उतरताना घसाऱ्यावर तुझा उजवा पाय आत वळला आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, ताणलं गेलं. आता या लिगामेंटमध्ये नर्व्हची बारीक बारीक टोकं असतात, पाय कुठल्या कोनात चाललाय हे ती सतत मेंदूला कळवत असतात आणि पाय वळायला लागला की नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू लगेच आवळून त्याला सावरतात, आपल्याला कळतसुद्धा नाही. लिगामेंट दुखावलं की हे कळवणंच बिघडतं, स्नायू उशिरा जागे होतात, आणि त्यात तू इतके दिवस पाय वर घेऊन बसलीस म्हणजे ते स्नायू बारीकही झालेत. दुखायचं थांबलं म्हणून हे आपोआप परत येत नाही गं. म्हणूनच ज्यांचा घोटा एकदा मुरगळलाय त्यांचाच परत परत मुरगळतो.

पण ते परत शिकवता येतं, आणि हे मी तुला धीर द्यायला सांगत नाहीये. नेदरलँड्समध्ये नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर एक अभ्यास झाला होता, २००९ साली छापून आला. अर्ध्या लोकांना नेहमीच्या उपचारांवर सोडलं आणि अर्ध्यांना त्याच्या जोडीला घरी करायचे तोल सांभाळायचे व्यायाम दिले, ८ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, जास्तीत जास्त अर्धा तास. वर्षभरात पहिल्या गटातल्या ३३ टक्के लोकांचा घोटा पुन्हा मुरगळला, व्यायामवाल्यांमध्ये २२ टक्के. घरच्या घरी, महागडं मशीन नाही काही नाही. ब्रेस, म्हणजे घोट्याला बांधायचा आधारपट्टा, वापरायलाही माझी हरकत नाही, उलट पहिल्या काही ट्रेकला तू तो घालच, पण ब्रेस आहे म्हणून व्यायाम नको असं करू नकोस.

आता तू म्हणशील मी रोज चालते ना, आणि स्ट्रेचिंगही करते. चालतेस ते उत्तमच आहे, हृदयाला, शुगरला, झोपेला त्याचा फायदा आहेच, ते बिलकुल सोडू नकोस. पण सोसायटीच्या सपाट पेव्हर ब्लॉकवर घोट्याला वाकडंतिकडं सावरायची वेळच येत नाही, मग तो शिकणार कुठून? आणि स्ट्रेचिंगचं म्हणशील तर २०१४ साली २५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, २६ हजारांवर माणसं होती त्यात, आणि स्ट्रेचिंगने दुखापती कमी झाल्याचं काही दिसलं नाही. ताकदीच्या व्यायामाने मात्र त्या एक तृतीयांशापेक्षाही खाली आल्या. क्लिनिकमध्ये मला हे रोज सांगावं लागतं, कारण आपल्याकडे बायकांना वजन उचला म्हटलं की दचकायलाच होतं.

आणि एक लक्षात घे, चढताना कुणी फारसं पडत नाही, पडतात ते उतरताना. चढताना दम लागतो म्हणून आपण त्याचीच तयारी करतो, पण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, आणि स्नायूसाठी हे सगळ्यात कष्टाचं काम. साधा जिना उतरतानाही गुडघ्याच्या सांध्यावर आपल्या वजनाच्या तिप्पटीहून जास्त भार येतो. बालेकिल्ला करून, माची फिरून, दुपारी चोरदरवाज्याने उतरायला लागेपर्यंत त्या मांड्या थकलेल्या असतात, मग पाय टाकला जात नाही, पडतो, आणि तसा पडला की घोटा वळतो. म्हणजे तुझा घोटा सावरायचा तर मांडी आणि कंबरसुद्धा भक्कम करायला लागणार.

तर असं कर. सकाळी दात घासताना एका पायावर उभी राहा, दोन्ही पायांवर आलटून पालटून. ते सोपं वाटायला लागलं की डोळे मिटून, पण ओट्याला हात लागेल एवढ्या अंतरावर, आणि नंतर दुमडलेल्या सतरंजीवर. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर उचल आणि अगदी सावकाश खाली घे, सावकाश खाली घेणं हाच खरा व्यायाम आहे, सुरुवातीला दोन पायांवर मग एकावर. रबरी बँड पायाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकल. खालच्या पायरीवर एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकव आणि परत वर ये, गुडघा आत कलत नाही ना ते आरशात बघ. आणि उठाबशा, पुढे पुढे पाठीला सॅक आणि सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या. थोडं ओढल्यासारखं वाटलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सूज आली तर कमी कर आणि मला फोन कर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम तर आहेच, पण शिवाय किमान २ दिवस ताकदीचे व्यायाम सांगितलेत, हे दुसरं आपण सोयीस्कर विसरतो.

घाई मात्र नको. स्नायूंना काही आठवड्यांत जोर येतो पण टेंडनना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांना, महिने लागतात. आधी पर्वती, मग वेताळ टेकडीच्या मातीच्या वाटा, मग आतकरवाडीहून सिंहगड, आणि राजगड त्यानंतरच.

काकूंनाही यात घे. तू लिहिलंयस त्या आता बाथरूममध्ये भिंत धरून चालतात, त्याची मला जास्त काळजी वाटतेय. न्यूझीलंडमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी ओटागो नावाचा कार्यक्रम बसवलाय, पायाला छोटी वजनं बांधून ताकद, तोल आणि चालणं, घरच्या घरी, आणि त्याने पडण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं. काकूंना आधी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठून बसायला सांग, जमेल तितक्या वेळा, तू शेजारी उभी राहा. बाकीचं मी पुण्याला येईन तेव्हा समोर बसून करून घेईन.

आज रात्रीच एक काम कर. ओट्याजवळ उभी राहून डोळे मिटून आधी डाव्या मग उजव्या पायावर किती सेकंद राहतेस ते मोबाईलवर लाव आणि दोन्ही आकडे मला पाठव, उजव्याचा कमी येणारच, किती कमी ते बघून पुढचे आठवडे ठरवू.

तुझीच,
मनू